आडांत असेल तर पोहऱ्यांत येईल

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांत लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. बापाच्या अंगीं जें नाहीं तें मुलाच्या अंगीं कोठून यावें, असा तिचा रूढ अर्थ करतात. परंतु कचेरी असो, कारखाना असो, सहकारी संस्था असो कीं शेत असो, चार माणसें एकाच्या हाताखालीं कामास लागलीं म्हणजे ही म्हण तेथेंही तंतोतंत लागू पडते, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे.

जमिनीची धूप, पाण्याची काटकसर, झाडांची लागवड, सेंद्रिय खत या विषयांवर जाणत्या लोकांचे लेख या मासिकांत नेहमीं येतात, आणि शेतकरी बंधु ते आवडीनें वाचतात. पण लेख वाचणारा मालक निराळा, आणि नळ उघडा टाकणारा, पाचट पेटविणारा, मोटार रात्रभर चालूं ठेवणारा हात निराळा, अशी पुष्कळदां स्थिति असते. मालकास पटलें म्हणून गड्यास पटतेंच असें नाहीं. साहेबांस पटलें म्हणून शिपायास पटतेंच असेंही नाहीं. तेव्हां पाणी, माती, झाडें व वीज यांची राखण करण्याची बुद्धि हाताखालच्या माणसांत उत्पन्न होते ती कशानें, या प्रश्नाचा थोडा विचार येथें करावा असा हेतु आहे. आम्ही कांहीं पंडित नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालों, आणि आतां गांवीं चार एकर जमीन पाहतों. जें पाहिलें, जें वाचलें, आणि जें आमच्या स्वतःच्या हातून घडलें, तेंच सांगणार आहों. त्यांतील कांहीं भाग आम्हांस भूषणावह नाहीं. पण तो वगळला तर लेखास अर्थ राहणार नाहीं.

चिपळूणच्या छावणीस गेलेलें पत्र

हा प्रश्न आजचा नव्हे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची छावणी चिपळूणजवळ होती. त्या छावणीस महाराजांनीं पाठविलेलें एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्याचा मायना जुमलेदार, हवालदार व कारकून यांस उद्देशून आहे, ही गोष्ट आम्हां कारकुनांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पत्रांतील मतलब थोडक्यांत असा. पावसाळ्यापुरता दाणा व वैरण मोठ्या कष्टानें सांठविलेली आहे. ती आतांच मन मानेल तशी उधळली, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, आणि घोडीं उपाशीं मरूं लागतील. मग लोक कुणब्यांच्या घरचा दाणा, गवत, लाकूड, भाजी ओढूं लागतील, आणि रयतेस मोगलापेक्षां आपलाच जाच अधिक वाटेल. पत्र एवढ्यावर थांबत नाहीं. कोणी भलत्या जागीं चूल पेटवील, कोणी तमाखूसाठीं विस्तव आणील, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवून निजेल, उंदीर जळती वात ओढून नेईल, आणि गवताच्या गंज्यांस आग लागेल. म्हणून याविषयीं रात्रंदिवस सावध असावें, अशी त्यांत ताकीद आहे.

एवढ्या राज्याचा धनी उंदरानें पळविलेल्या दिव्याच्या वातीपर्यंत खालीं उतरून विचार करतो, ही या पत्राची थोरवी आहे. वैरण जपून वापरा, एवढा हुकूम पुरला असता. पण महाराजांनीं तीन गोष्टी केल्या. काटकसर कां करावयाची तें सांगितलें. नासाडी नेमकी कोठून शिरते तें दाखविलें. आणि नासाडीचा भार शेवटीं कोणाच्या डोक्यावर बसतो, म्हणजे कुणब्याच्या, हेंही स्पष्ट केलें. आमच्या नोकरींत काटकसरीचीं शेंकडों परिपत्रकें आमच्या हाताखालून गेलीं. त्यांत 'काटकसर करावी' हे शब्द सर्वत्र होते. दिव्याची वात आम्हांस कोठें आढळली नाहीं.

सदतीस झाडें

आतां आमची हकीकत. नोकरीच्या मधल्या काळांत आम्ही एका तालुक्याच्या कचेरींत होतों. कचेरीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण तशा कचेऱ्या पुष्कळ होत्या. दर वर्षीं पावसाच्या तोंडावर रोपवाटिकेंतून रोपें येत. पाहुणे येत, छायाचित्र निघे, चहा होई. खड्डा गेल्या वर्षींचा आणि रोप मात्र नवें, असा प्रकार असे. पुढें दिवाळीच्या सुमारास किती झाडें लावलीं, किती जगलीं आणि शेंकडा प्रमाण किती पडलें, याचा तक्ता वर पाठवावा लागे. तो तक्ता आमच्या मेजावर होता. गेल्या वर्षीं ऐंशी टक्के लिहिले होते, म्हणून याही वर्षीं ऐंशी. फार सारखें दिसूं नये म्हणून एखाद्या गांवास अठ्ठ्याहत्तर, एखाद्यास ब्याऐंशी. हें आम्हांस कोणी शिकविलें नाहीं. आमच्या आधींच्या कारकुनांचे तक्ते पाहून आम्ही आपोआप शिकलों.

अशांत एक नवे साहेब आले. त्यांनीं आल्याबरोबर भाषण केलें नाहीं कीं परिपत्रक काढलें नाहीं. दालनांतून बाहेर जातांना दिवा व पंखा ते स्वतःच्या हातानें बंद करीत. त्यासाठीं घंटी वाजवून शिपायास बोलावीत नसत. टिपणें पाठकोऱ्या कागदावर लिहीत. आवारांतील टांकीचा नळ गळत होता, त्याखालीं त्यांनीं एक बादली ठेवविली, आणि दुसऱ्या दिवशीं ती किती भरली तें स्वतः जाऊन पाहिलें. आठ दिवसांत नळ दुरुस्त झाला. कोणीं सांगितलें म्हणून नव्हे, तर रोज साहेबांनीं बादली पाहावी याची सर्वांस लाज वाटूं लागली म्हणून.

पुढें आम्ही झाडांचा तक्ता सहीस नेला. त्यांनीं तो वाचला आणि शांतपणें विचारलें, "भाऊसाहेब, हीं झाडें आपण पाहिलीं आहेत का?" आम्ही गप्प राहिलों. ते उठले. "चला, पाहून येऊं."

गायरान तेथून चार किलोमीटरांवर होतें. तक्त्यांत तेथें ४०० झाडें लावलेलीं आणि ३२० जगलेलीं होतीं. दोन तास उन्हांत फिरून आम्हीं दोघांनीं मोजलीं, तीं सदतीस भरलीं. आणि त्यांतलीं नऊ तर आपोआप उगवलेलीं बाभळीचीं होतीं. आमच्या पायाखालची वाळू सरकली. आतां नोटीस निघणार, कदाचित् वेतनवाढही जाणार, असें मनांत येऊन तोंड कोरडें पडलें. साहेब एवढेंच म्हणाले, "सदतीस लिहा."

"साहेब, वरून विचारणा होईल."

"होऊं द्या. सही माझी आहे, उत्तर मी देईन."

विचारणा झालीच. इतर तालुक्यांचें प्रमाण इतकें चांगलें असतां आपलेंच इतकें कमी कां, असें पत्र आलें. त्याचें उत्तर साहेबांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें. रोपांस कुंपण नव्हतें, उन्हाळ्यांत पाण्याची सोय नव्हती, राखणीची जबाबदारी कोणावर टाकलेली नव्हती. ही जबाबदारी कचेरीचा प्रमुख या नात्यानें माझी आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. मागील कारकुनी तक्ते चुकीचे होते, असें एक वाक्य घातलें असतें तर ते सहज मोकळे झाले असते. तें वाक्य त्यांनीं लिहिलें नाहीं. आम्ही त्या पत्राची नक्कल आवक-जावकांत चढविली तेव्हां आमचा हात थरथरत होता.

पुढच्या वर्षीं फक्त ६० रोपें घेतलीं. कचेरीच्या आवारांत व समोरच्या रस्त्याच्या कडेला खड्डे मे महिन्यांतच खणून तापूं दिले. बाभळीच्या काट्यांचें कुंपण प्रत्येक रोपास केलें. प्रत्येकानें दोन दोन रोपें वांटून घेतलीं. साहेबांनीं तीन घेतलीं, आणि तीं नळापासून सर्वांत लांब होतीं. आमचे शिपाई माठांतलें शिळें पाणी पूर्वीं दारांत फेंकीत, तें आतां बादलींत जमवून रोपांस घालूं लागले. तलाठी मंडळी पूर्वीं अधिक रोपें मागत, कारण तक्त्यांत आकडा मोठा दिसे. आतां तींच विचारूं लागलीं कीं, पाणी कोण घालणार तें आधीं ठरवा, मग रोपें द्या. वर्षअखेर साठांपैकीं एक्कावन्न जगलीं. तो आकडा लिहितांना आम्हांस जो आनंद झाला तो पूर्वींच्या कोणत्याही ऐंशी टक्क्यांत झाला नव्हता.

दिवा-पंखा बंद करण्याचें साहेबांचें उदाहरण चांगलें होतें, यांत शंका नाहीं. पण त्यानें आमच्यांत फक्त लाज उत्पन्न झाली. आमचें वर्तन खऱ्या अर्थानें बदललें तें 'सदतीस लिहा' या दोन शब्दांनीं. खरा आकडा लिहिला तर आपली मान कापली जाणार नाहीं, हें ज्या दिवशीं कळलें, त्या दिवसापासून झाडाकडे झाड म्हणून पाहण्याची आम्हांस मोकळीक मिळाली. तोंवर आम्ही झाडाकडे रकाना म्हणूनच पाहत होतों.

इतरत्र काय घडलें

हा एका कचेरीपुरता योगायोग, असें कोणी म्हणेल. पण याच विषयाचा देशोदेशींच्या अभ्यासकांनीं पद्धतशीर शोध घेतलेला आहे. रॅमस व स्टेगर यांनीं युरोपांतील मोठ्या कंपन्यांची पाहणी करून २००० सालीं असें दाखविलें कीं, ज्या नोकरांस आपल्या निकटच्या वरिष्ठाचें खरें उत्तेजन आहे असें वाटतें, ते पर्यावरणाच्या हिताच्या नवीन युक्त्या काढून त्या करून पाहण्यास अधिक प्रवृत्त होतात. कॅनडांतील रॉबर्टसन व बार्लिंग यांनीं २०१३ सालीं असें मांडलें कीं, वरिष्ठाचें स्वतःचें आचरण व त्याची कळकळ यांमुळें हाताखालच्या माणसांच्या मनांत या कामाची आवड उत्पन्न होते, आणि त्या आवडींतून त्यांचें वर्तन बदलतें. सक्तीनें नव्हे, आवडीनें, हा त्यांतील मुद्द्याचा भाग आहे.

सुरत शहराची गोष्ट पुष्कळांस आठवत असेल. सप्टेंबर १९९४ मध्यें तेथें प्लेगची साथ उद्भवली आणि लाखों लोक शहर सोडून पळाले. खानदेशांतून पोटासाठीं सुरतेस गेलेलीं पुष्कळ मराठी कुटुंबें तेथें राहतात. त्यामुळें ती धास्ती आपल्याकडेही पोंचली होती. मे १९९५ मध्यें एस. आर. राव हे तेथील महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनीं शहराचे सहा विभाग पाडले, प्रत्येक विभागाच्या प्रमुखास जागच्या जागीं निर्णय घेण्याचे व खर्च करण्याचे अधिकार दिले, आणि अधिकाऱ्यांनीं रोज सकाळीं खुर्चींत न बसतां गल्लीबोळांतून फिरलें पाहिजे असा नियम केला. स्वतः तेही फिरत. दुपारीं सर्वांनीं एकत्र बसून सकाळीं काय पाहिलें याचा विचार होई. नोकरवर्ग बहुतेक तोच आणि झाडूही तेच. पण साहेबच गटाराच्या कडेला उभा आहे हें दिसल्यावर सफाई कामगाराच्या कामास मान आला. १९९६ सालीं इंटॅक या संस्थेच्या पाहणींत हेंच शहर स्वच्छतेंत देशांत दुसरें ठरलें. पुढें राव बदलून गेले, तरी घडी पुरती मोडली नाहीं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत सुरत हें इंदूरच्या जोडीनें देशांत पहिलें आलें.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील गालिचाच्या कारखान्याचें. रे अँडरसन यांनीं १९७३ सालीं इंटरफेस नांवाची कंपनी काढली. तिचे गालिचे मुख्यतः खनिज तेलापासून बनविलेल्या धाग्यांचे असत. १९९४ सालीं गिऱ्हाइकें विचारूं लागलीं कीं, पर्यावरणासाठीं तुमचा कारखाना काय करतो? नोकरांनीं धन्यास याविषयीं चार शब्द बोलण्याची विनंति केली, तेव्हां कायदा पाळतों यापलीकडे आपल्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं, हें अँडरसन यांच्या लक्षांत आलें. त्याच सुमारास पॉल हॉकन यांचें उद्योगधंदे व निसर्ग यांविषयींचें एक पुस्तक त्यांच्या हातीं पडलें आणि त्यांचें मन पालटलें. २०२० पर्यंत आपल्या धंद्यापासून निसर्गास होणारी हानि शून्यावर आणावयाची, असें ध्येय पुढें ठेवण्यांत आलें. आणि नासाडी शोधून काढण्यासाठीं कामगारांच्याच तुकड्या नेमल्या गेल्या.

त्यांतून काय निघालें, याचा एक मासला शेतकऱ्यांस सहज समजेल असा आहे. शांघाय येथील त्यांच्या नव्या कारखान्यांत द्रव खेळविण्यासाठीं जे पंप बसवावयाचे होते, त्यांना मूळ आराखड्याप्रमाणें ९५ अश्वशक्ति लागणार होती. कंपनीच्या एका अभियंत्यानें तो आराखडा नव्यानें मांडला. त्यानें नळ अधिक जाड घेतले, आणि यंत्रें आधीं मांडून मग त्यांस नळ जोडण्याऐवजीं, आधीं नळ सरळ व आंखूड टाकून मग यंत्रें बसविण्याचें ठरविलें. नव्या आराखड्यांत अवघी ७ अश्वशक्ति पुरेशी ठरली. आपल्याकडे बारीक पाईप, जागोजाग वांकणें, आणि पाणी चढत नाहीं म्हणून आणखी मोठी मोटार, असा प्रकार घरोघर आहे. तेव्हां हा हिशेब विचार करण्यासारखा आहे. पण येथें आमचा मुद्दा वेगळा आहे. ही युक्ति मालकानें सांगितलेली नाहीं. ती नोकरास सुचली, आणि ती ऐकणारा धनी वर होता म्हणून अमलांत आली. अँडरसन २०११ सालीं वारले. २०१९ सालीं कंपनीनें आपलें ध्येय गांठल्याचें जाहीर केलें. हें सर्व धर्मादाय म्हणून झालें असेंही नाहीं. नासाडी थांबल्यानें कंपनीचे कोट्यवधि डॉलर वांचले.

साहेब बदलून गेल्यावर

येथपर्यंत सर्व गोड झालें. आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो.

आमच्या साहेबांची तीन वर्षांनीं बदली झाली. निरोपसमारंभांत आम्हीं भाषण केलें, आणि झाडांविषयीं पुष्कळ चांगलें बोललों. नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यामागें कामाचा मोठा लकडा होता, आणि तक्ता पाहून ते म्हणाले, "शेजारच्या तालुक्यांत ऐंशी टक्के आणि आपलेंच एवढें कमी कसें? नीट पाहा." त्या वर्षीं गायरानावर पुन्हां ५०० रोपें लावलीं गेलीं होतीं, त्यांस ना कुंपण होतें, ना राखण. आम्ही गायरानावर गेलों नाहीं. मेजावर बसलों, आणि आम्हीं पुन्हां ऐंशी लिहिले. फार सारखें दिसूं नये म्हणून कोठें अठ्ठ्याहत्तर, कोठें ब्याऐंशी.

त्याच दिवशीं संध्याकाळीं घरीं निघतांना आमचे शिपाई माठांतलें पाणी रस्त्याकडेच्या रोपांस घालतांना दिसले. त्यांच्या वांटणीचीं दोन रोपें तर होतींच, पण बदलून गेलेल्या साहेबांचीं तीनही त्यांनीं आपल्याकडे घेतलीं होतीं. आम्ही उगीच कांहीं बोलावें म्हणून म्हणालों, "अजून घालतां पाणी?" ते म्हणाले, "साहेब बदलून गेले, भाऊसाहेब. झाडें कुठें बदलून गेलीं?"

हें वाक्य आम्हांस पुढें पुष्कळ वर्षें टोंचत राहिलें. एकच साहेब, एकच कचेरी. पण आमचा चांगुलपणा उसना होता, आणि शिपायांचा स्वतःचा झाला होता. असें कां व्हावें, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. आमचा संबंध झाडांच्या आकड्याशीं होता, आणि आकड्याचा धनी सही करणारा. धनी बदलला, आकडा बदलला. शिपायांचा संबंध झाडाशीं होता. त्यांनीं त्यास तीन उन्हाळे पाणी घातलें होतें, पालवी फुटलेली पाहिली होती, शेळ्या हांकलल्या होत्या. तेव्हां पुढाऱ्याच्या सद्गुणाची खरी परीक्षा तो असतां होत नाहीं, तो गेल्यावर होते. ज्याच्या हातांस त्यानें काम दिलें, त्याच्याकडे तें टिकतें. ज्याच्या केवळ कागदास शिस्त लाविली, त्याच्याकडे तें टिकेलच असा भरंवसा नाहीं.

अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवाचें महत्त्व आम्हांस याच कारणासाठीं वाटतें. वर्षाचा पाऊस तेथें सरासरी ४०० मिलिमीटरांच्या आसपास. एके काळीं सरकारी नोकरांस शिक्षा म्हणून या गांवीं बदली देत, असें सांगतात. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. त्यांनीं श्रमदानांत स्वतः कुदळ घेतली हें तर खरेंच; पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, झाडें न तोडणें, मोकाट चराई बंद ठेवणें, शेतीसाठीं बोअर न घेणें, ऊस-केळीसारखीं पाणखाऊ पिकें न करणें, हे निर्बंध ग्रामसभेंत मांडून गांवाच्या संमतीनें ठरविले गेले. दर वर्षीं पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडतात, आधीं पिण्याचें पाणी बाजूस काढतात, आणि मग कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवितात. आकडा येथें एका कारकुनाच्या मेजावर नसून सर्व गांवाच्या डोळ्यांसमोर असतो. चोरून ऐंशी टक्के लिहिण्यास तेथें जागाच उरत नाहीं. पवारांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, तिच्यापेक्षांही हा जाहीर ताळेबंद आम्हांस मोठा वाटतो.

आपल्या शेतावर

आतां शेतकरी बंधु म्हणतील, आम्ही कोठले साहेब! पण ज्याच्या शेतावर एक सालगडी आहे, किंवा खुरपणीस चार बाया येतात, तो त्यांच्यापुरता साहेबच आहे. सोसायटीचा चेअरमन गटसचिवाचा साहेब आहे, आणि मुकादम टोळीचा. म्हणून दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों.

पहिली, स्वतः हात घाला. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षीं आम्हीं तालुक्याच्या गांवाहून फोनवर गड्यास सांगितलें कीं, ऊस तुटल्यावर पाचट जाळूं नका. त्यांनीं जाळलें. आम्ही रागावलों, तेव्हां ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचे वडील जाळीत, शेजारी जाळतात, नाहीं जाळायचें तर मग त्याचें करायचें काय, तें तुम्हीं सांगितलेंच नाहीं." बोलणें खरें होतें. दुसऱ्या वर्षीं आम्ही स्वतः शेतांत उभे राहिलों. बुडख्यांवरचें पाचट ओढून सरींत घातलें, बुडखे जमिनीलगत छाटले, आणि पाचटावर शिफारशीप्रमाणें हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो कुजविणारें संवर्धक या हिशेबानें टाकून पाणी दिलें. एका हेक्टरांतून ८ ते १० टन पाचट निघतें. तें जाळणें म्हणजे शेतांतलें खत शेजाऱ्याच्या डोळ्यांत धूर म्हणून घालणें होय. खोडव्यांत तण कमी आलें, ओल अधिक दिवस टिकली, हें गड्यानें स्वतः पाहिलें. तिसऱ्या वर्षीं सांगावें लागलें नाहीं.

दुसरी, कारण सांगा आणि माप त्याच्याच हातीं द्या. रात्रीच्या पाळीची वीज असते म्हणून मोटारीस ऑटो स्विच लावून सर्वजण निजतात, आणि पाणी बांध फोडून ओढ्यास मिळतें. 'पाणी जपा' असें म्हणून हें थांबत नाहीं. दोरीस गांठी मारून दर सोमवारीं विहिरीचें पाणी किती हात खालीं आहे तें गड्यासच मोजूं द्यावें, आणि कोळशानें मोटारघराच्या भिंतीवर लिहूं द्यावें. फाल्गुनांत तो स्वतःच म्हणूं लागतो कीं, एवढ्यानें वैशाख निघणार नाहीं.

तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची: खरें सांगणाऱ्यावर तोंड टाकूं नका. मोटार रात्रभर चालूं राहिली, फवारणीचें औषध सांडलें, रिकामी बाटली ओढ्यांत धुतली, असें एखाद्यानें येऊन कबूल केलें आणि त्यास शिव्या मिळाल्या, तर पुढच्या वेळीं तो सांगणार नाहीं. चूक मात्र होतच राहील, फक्त आपल्यास दिसणार नाहीं. आमचे साहेब जसे 'सदतीस लिहा' म्हणाले, तसें म्हणण्याची संवय प्रत्येक मालकानें लावून घ्यावी. आधीं चूक कशी झाली तें पाहावें, माणूस नंतर.

चवथी, जें वांचेल त्यांत वांटा द्या. वीजबिल कमी आलें, खुरपणीचा खर्च वांचला, तर त्यांतील थोडें ज्याच्या हातानें तें वांचलें त्यास सणावाराला द्यावें, आणि कशाबद्दल देतों तें चार माणसांत सांगावें. संस्थांच्या संचालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, सभा संपल्यावर दिवे-पंखे चालूं टाकून उठणाऱ्या संचालकाचें काटकसरीवरील व्याख्यान त्यांचा शिपाई ऐकत नसतो. तो बटनाकडे पाहत असतो.

असो. गेल्या वर्षीं पेन्शनच्या कांहीं कामासाठीं आम्हांस त्या तालुक्याच्या गांवीं जावें लागलें. आमचे शिपाई केव्हांच निवृत्त झाले आहेत. साहेबांचें नांवही आतां तेथें कोणास ठाऊक नाहीं. रस्त्याकडेच्या करंजांखालीं लोक आपल्या मोटारसायकली उभ्या करून रांगेंत बसले होते. काम होण्यास वेळ होता, म्हणून आम्ही उठलों, आणि आवार व रस्ता मिळून झाडें मोजलीं. एक्कावन्नांपैकीं चव्वेचाळीस भरलीं. खात्री व्हावी म्हणून पुन्हां एकदां मोजलीं. चव्वेचाळीसच आहेत, आणि येथें तेवढाच आकडा लिहिला आहे.